जिलबी, पाहिजे तितकी

कुणाच्या बापाला पत्त्यांचा नाद असतो, कुणाच्या बापाला तमाशाचा. आमच्या दादांना नाद होता तो दुसऱ्यांनी खाऊन संपवलेल्या जेवणाची कार्डं जमवायचा. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग "म्हणजे काय?" म्हणतो, आणि मला पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं. जन्मभर सांगत आले. आता एकदाचं लिहूनच टाकते, म्हणजे माझी सुटका होईल.

दादा म्हणजे माझे वडील. निजामाच्या राज्यात, जालन्याला, एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते कारकून होते. बांधलेल्या गाठी मालधक्क्यावर पोचवायच्या आणि त्यांच्या बिलट्या, म्हणजे रेल्वेच्या पावत्या, करून घ्यायच्या, हे त्यांचं काम. त्यामुळं अर्धा दिवस मुक्काम स्टेशनात. तिथं सिकंदराबादकडची एक गाडी यायची, तिला साहेब लोकांच्या जेवणाचा डबा असायचा. खिडकीतून पांढरी टेबलं दिसायची, घड्या घातलेले रुमाल दिसायचे, आणि दर टेबलावर एक छापील कार्ड उभं असायचं. आज जेवायला काय काय आहे ते त्या कार्डावर लिहिलेलं. डब्यातल्या म्हाताऱ्या खानसाम्याशी दादांनी दोस्ती कशी जमवली देव जाणे. तंबाखूवर जमवली असावी. जेवणं उरकली की तो डागाळलेली कार्डं खिडकीतून खाली द्यायचा, आणि आमचे दादा ती उपरण्यात गुंडाळून, प्रसाद आणावा तशी घरी आणायचे.

आगगाडीवर भागलं असतं तरी ठीक होतं. पण जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात एक मड्डम होती. ती रजेवर विलायतेला जायची आणि बोटीनं परत यायची. दादांना ओळखीतल्या कुणाला तरी औषध आणायचं निमित्त मिळालं, आणि बोलता बोलता बोटीवरच्या जेवणाची गोष्ट निघाली. झालं! पुढच्या रजेहून येताना मड्डमनं बोटीवरची कार्डं आणली. त्यांच्यावर रंगीत चित्रं, कडेला रेशमी दोरी. दादा त्या दिवशी जेवले नाहीत. नुसते बघत बसले.

गाडीतलं पहिलं कार्ड घरी आलं त्याच दिवशी आईनं विचारलं होतं, "याच्यावर काय लिहिलंय?"

दादा खरं बोलायचे, ही त्यांची दुसरी खोड. त्यांनी वाचून दाखवलं. मासे, बदक, मेंढीची मांडी, आणि शेवटी गाईची जीभ.

"बाहेर," आई म्हणाली. "ज्याच्यावर हे लिहिलंय ते माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाई यायचं."

"अगं, कागद आहे तो. त्याला कुठं वास येतोय?"

"बिलकुल न्हाई."

तेव्हापासून कार्डांची पत्र्याची पेटी ओसरीत, वहाणांच्या शेजारी असायची. दादांनी पेटीला हात लावला की हातपाय धुतल्याशिवाय आई त्यांना आत घेत नसे. पाऊस तिरका आला की दादा आधी पेटी झाकायला धावायचे, आणि अंगणातलं वाळवण भिजत पडायचं. आईचे पापड त्या पेटीपायी किती वेळा गेले असतील!

बरं, जमवायची तर जमवा. पण वाचायची कशाला? आमच्या घरात संध्याकाळी पिठलं आणि भाकरी. कधी अंबाडीची भाजी. आम्ही भावंडं ताटावर बसलो की दादा ओसरीकडच्या दारात पाट घ्यायचे, हात लांब करून कार्ड उंबऱ्याबाहेर धरायचे, म्हणजे आईचा नियम मोडायला नको, आणि विचारायचे, "आज कुठं जेवायचं? बोटीवर का गाडीत?" एकीकडं डिक्शनरी, एकीकडं भाकरी. मांसमच्छी आली की म्हणायचे, "हे आपलं न्हवं, पुढं." अंड्याचं काय काय असतं ते त्यांनी मड्डमला खोदून खोदून विचारून घेतलं होतं, आणि त्या सगळ्यांवर पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या. असं गाळत गाळत शेवटी एवढ्या मोठ्या बोटीवर आमच्या वाट्याला उरायचे उकडलेले बटाटे, वाटाणे आणि भाजलेली पावाची चकती.

"यापेक्षा आपलं पिठलं काय वाईट आहे?" एकदा मी वैतागून विचारलं.

तेव्हा दादांनी मला जे सांगितलं, ते आमच्या घरातल्या सगळ्या त्रासाचं मूळ. ते म्हणाले, "जेवणाचं न्हाई गं. तिथं माणूस बसतो ना, तेव्हा त्याच्या हातात कार्ड देतात. मंग तो खानसामा वाकतो आन् विचारतो, 'क्या लेते, साब?' मला एकदा कुणीतरी तसं विचारावं. बस्स, एवढंच."

आतून आई म्हणाली, "मी न्हाई विचारत?"

"तू वाढतीस. विचारत न्हाईस."

"विचारायला घरात दोन भाज्या तरी पाहिजेत!" आईनं पळी आपटली. "आन् मला कोण विचारतंय? मी खरडून खाते ते दिसतं का कुणाला?"

दादांनी कार्ड पेटीत ठेवून दिलं. पण इच्छा काही गेली नाही. लहानपणी मामाच्या घरी वाढले, शिक्षण दुसऱ्याच्या ओसरीवर झालं, नोकरी मालकाच्या मर्जीनं. पानात पडेल ते खायचं, मिळेल ते घालायचं. हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळायचं की शेजारच्या मुली मला "बोटवाली" म्हणून चिडवतात.

मग माझं लग्न ठरलं. घनसावंगीकडचे लोक, उसाचे मळे, स्वतःचं गुऱ्हाळ. मुलगा शिकलेला, परतूरला अडतीच्या दुकानात हिशेब बघायचा. स्थळ आमच्यापेक्षा वरचढ होतं, म्हणून आईचा जीव सारखा टांगणीला. आणि नेमक्या त्या वेळेला दादांच्या डोक्यात ते आलं.

"आपण कार्ड छापू," ते म्हणाले.

"पत्रिका छापल्यात की."

"पत्रिका न्हाई. जेवणाचं. पंगतीत दर पानापाशी एक. काय काय आहे ते माणसाला आधी कळंल, मंग त्याला पाहिजे ते तो मागून घेईल. कुणी उगी आग्रहानं कोंबायचं न्हाई."

आई पाटावरून उठलीच. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? पंगतीत काय वाढणार हे आधी कुणी सांगतं का? सांगितलं न्हाई म्हणून तर सगळं झाकून जातं. एखादं सरलं की मठ्ठा फिरवायचा, भात फिरवायचा, कुणाला पत्ता लागत न्हाई. छापल्यावर झाकायचं कसं?"

अक्षरन् अक्षर खरं होतं. आमच्याकडच्या पंगतीचं सगळं शास्त्र या एका गोष्टीवर उभं असतं. वाढणारा हसत हसत "सावकाश होऊ द्या" म्हणतो आणि मुदपाकखान्यात काय कमी पडलंय ते मांडवात कुणालाही कळू देत नाही. त्यात जर्मनीची लढाई चालू होती, साखरेवर रेशन आलं होतं. साखर मिळवता मिळवता नाकी नऊ आले होते. दादांनी ओळखीपाळखी काढून, चार दारं झिजवून थोडी जमवली होती, ती वरपक्षाच्या पंगतीला जेमतेम पुरली असती.

पण ऐकतील ते दादा कसले! ते छापखान्यात जाऊन बसले. कार्डं आली. जाड कागद, कडेला वेलबुट्टी, वर गणपती. खाली बोटीवर असतं तसं एकाखाली एक: साधं वरण-भात, लिंबू, कोशिंबीर, बटाट्याची भाजी, पुरी, मसालेभात, मठ्ठा. आणि सगळ्यात शेवटी, मोठ्या ठशात: जिलबी, पाहिजे तितकी.

"पाहिजे तितकी?" आई ओरडलीच.

"विचारायचं तर मोकळेपणानं विचारावं," दादा म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. माझंच लग्न, माझंच कपाळ.

लग्न दुपारी लागलं. वरपक्षाची पंगत बसली. संध्याकाळच्या गाडीनं वऱ्हाड परतूरला जाणार, तिथून बैलगाड्या, असं ठरलेलं. मी आतल्या खोलीत शालू सावरत बसले होते. बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण आत्या, दादांची धाकटी बहीण, दर थोड्या वेळानं धापा टाकत बातमी घेऊन यायची.

"कार्डं सगळ्यांना आवडलीत गं! वाचून राह्यलेत!" ही पहिली बातमी.

दुसरी बातमी घेऊन आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. नवऱ्या मुलाचे चुलते होते, अंगानं पहिलवान. जिलबी खाण्यात त्यांचा हात धरणारा त्या तालुक्यात कुणी नव्हता, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कार्ड वाचलं, मांडी घट्ट घातली, कार्ड तांब्याला टेकवून उभं केलं आणि म्हणाले, "वा! आजवर माझ्यापुढं असं लिहून ठेवायची कुणाची छाती झाली न्हाई. येऊ द्या."

येऊ दिली. वाढपी ताटं घेऊन आत-बाहेर पळायला लागले. चुलत्यांचं बघून वरपक्षातल्या तरण्या पोरांनाही ईर आली. पैजा लागल्या. आत्या तिसऱ्यांदा आली ती रडकुंडीला येऊनच. "पाक सरला! साखर खतम! आचारी म्हणतो, पिठाचा घोळ आहे, पण तळलेली जिलबी बुडवायची कशात?"

"मठ्ठा फिरवा म्हणावं!" मी ओरडले.

"फिरवला! त्यांनी द्रोण पालथा घातला. कार्ड दाखवून राह्यले. म्हणतात, आमचं पाहिजे तितकं झालं न्हाई. झाल्याबिगर उठणार न्हाई."

आता आमच्याकडची रीत अशी की एकजण जेवत असला तरी पंगत उठत नाही. सगळे उठले तर एकदम उठायचं, नाहीतर कुणीच नाही. त्यामुळं ते वडीलधारे, ते व्याही, माझा नवरासुद्धा, सगळे वाळल्या उष्ट्या हातांनी बसून राहिले. बायकांची पंगत खोळंबली. गाडीची वेळ जवळ येत होती. आणि चुलते मिशीवरून मनगट फिरवत म्हणाले, "गाडी चुकायला नको. आम्ही जातो. मुलीला राहू द्या इथंच. जिलबी तयार झाली की आणून सोडा."

लग्न लागलेली मुलगी मांडवात ठेवून वऱ्हाड परत जातं म्हणजे काय असतं, हे त्या काळच्या बाईलाच विचारावं. आणि दादा? दादा म्हणे हात जोडून चुलत्यांपुढं उभे होते आणि म्हणत होते, "छापलंय ते खरंय. तुमची काही चूक न्हाई." अरे, भांडा तरी! नाहीतर खोटं बोला, रडा, पाया पडा, काहीतरी करा! मला इतका संताप आला होता की शालूसकट बाहेर जाऊन ती सगळी कार्डं चुलीत घालावीत असं वाटलं.

चुलीपाशी आई होती. कोठीत साखरपुड्याला वरपक्षाकडून आलेली गुळाची ढेप होती. तिनं ती ओढत आणली, वरवंट्यानं फोडली आणि आचाऱ्याला बाजूला सारून कढईत टाकली. पाक झाला काळाकुट्ट. त्यातून निघालेली जिलबीही काळपट, मऊ, वळणं बसलेली. आचारी तोंड फिरवून उभा राहिला.

ती जिलबी पानात पडली तसे चुलते म्हणाले, "हे काय काळं?"

आई दाराआड उभी राहिली. पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि आत्याला सांगितलं, पण असं की सगळ्या मांडवाला ऐकू जावं, "व्याह्यांना सांगा, तुमच्याच गुऱ्हाळाचा गूळ आहे. मानाची गोष्ट म्हणून जपून ठेवला होता. वाईट असंल तर तसं सांगावं, पान बदलून देते."

स्वतःच्या गुळाला चार लोकांत नावं कोण ठेवणार? चुलत्यांनी एक जिलबी उचलली, खाल्ली. दुसरी खाल्ली. मग सगळ्यांकडं बघून म्हणाले, "गूळ बराबर आहे." आणि बऱ्याच उशिरानं का होईना, पंगत उठली.

पुढचं सगळं जल्दी जल्दी. कुणाच्या पाया पडले, कुणी गळ्यात पडलं, काही आठवत नाही. बायकांची पंगत बसायच्या आतच मला टांग्यात घातलं. सकाळपासून माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. गाडी सुटली आणि मी खिडकीबाहेर बघत मुसमुसत राहिले. दादांचा राग येत होता आणि दादांचीच आठवण येत होती, आणि त्याचाही राग येत होता. जरा वेळानं समोर बसलेला माझा नवरा घसा खाकरून माझ्याशी पहिलं वाक्य बोलला. "काय खाणार?"

मी म्हणाले, "जिलबी सोडून काहीही."

तो इतका हसला की पलीकडं डुलक्या घेणारे चुलते जागे झाले. मग त्यानं कोटाच्या खिशातून दादांचं ते कार्ड काढलं. जपून घडी घालून आणलं होतं. "तुमच्या वडलांनी हे कशासाठी केलं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. खानसाम्याचं, वाकण्याचं, 'क्या लेते, साब'चं. रागानंच सांगितलं, पण सांगितलं.

हा माणूस विसरला नाही. लढाई संपली, आमचा संसार परतूरला मांडून झाला, आणि एकदा दादांना आमच्याकडं आणायचं होतं तर हा स्वतः जालन्याला आला, मला घेऊन. म्हणाला, "या खेपेला जेवणाच्या डब्यातून जायचं." खर्चा किती होईल ते विचारायला गेले तर मला गप्प केलं. आई म्हणाली, "आल्यावर ओसरीत अंघोळ, मंगच आत." पण दादांचा कोट तिनंच धुऊन ठेवला होता.

दादा डब्यात चढले ते वहाणा बाहेर काढायला निघाले होते. मी दंड धरून बसवलं. पांढरं टेबल, घडीचा रुमाल. ओळखीचा म्हातारा खानसामा राहिला नव्हता, दुसरा होता, तरणा, पांढऱ्या पगडीचा. त्यानं दादांच्या हातात कार्ड दिलं. कोरंकरकरीत, एक डाग नसलेलं. दादांनी आयुष्यात पहिल्यांदा असं कार्ड हातात घेतलं असेल. ते वरून खाली वाचत गेले. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत. सगळं त्यांना तोंडपाठ होतं. कशात मांस, कशात अंडं, कशाच्या मागून काय येतं, सगळं.

खानसामा वाकला. "क्या लेते, साब?"

दादांनी वर बघितलं. कार्डाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं, माझ्या नवऱ्याकडं बघितलं. कपाळाला घाम आला. पलीकडच्या टेबलावरचे साहेब वळून बघायला लागले. खानसामा तसाच वाकलेला. मी टेबलाखालून दादांच्या पायाला पाय लावला.

शेवटी दादा म्हणाले, "जो है सो लाओ, मियाँ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दादा!" मी तिथंच, साहेब लोकांसमोर ओरडले. "अहो, जन्मभर आमच्या डोक्याला ताप दिलात याच्यासाठी! आईचे पापड भिजवलेत! माझं लग्न मोडता मोडता राहिलं! आणि आता त्यानं विचारलं तर 'जो है सो'? नाव तरी घ्या एका पदार्थाचं!"

दादांनी कार्ड टेबलावर ठेवलं, नीट, जिथं होतं तिथंच. त्यांचे डोळे भरले होते.

"अगं," ते म्हणाले, "विचारलं की त्यानं."

मग उकडलेले बटाटे आले. मीठ कमी होतं. दादांनी सगळे संपवले.